बोटींच्या सुरक्षा नियमांचा मसुदा आणि आपली हरकत : पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदांच्या चौकटींना खेटून, 'मसुदा नियमांवर हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत' अशी बारीक टंकातली जाहीर सूचना अधूनमधून छापून येते. ती वाचणारे बहुधा वकील, सल्लागार किंवा एखाद्या संघटनेचे चिटणीस असतात. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला रोज ये-जा करणारा नोकरदार, राजपुरीहून जंजिऱ्यापर्यंत शिडाची होडी नेणारा तांडेल, कोयनेच्या जलाशयात तापोळ्याहून पलीकडच्या गावांना माणसे पोचवणारा बोटचालक किंवा बार्जवर (सपाट तळाच्या मोठ्या कामाच्या नौकेवर) राबणारा खलाशी यांच्यापर्यंत ती सहसा पोचत नाही. नियम मात्र त्यांच्याच बोटींवर आणि त्यांच्याच जिवावर लागू व्हायचे असतात. हा लेख अशा माणसांसाठी आहे, ज्यांनी आजवर एकदाही सरकारी मसुद्यावर काही लिहून पाठवलेले नाही.

हे आत्ताच सांगण्याला कारण आहे. प्रवासी व कामकाजी बोटींशी संबंधित भारतातील प्रमुख कायदे गेल्या काही वर्षांत एकामागून एक बदलले. १९१७ चा अंतर्देशीय जलयानांचा कायदा जाऊन त्या जागी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आला. १९५८ चा व्यापारी नौवहन कायदा आणि १९०८ चा बंदरे कायदा यांच्या जागी येणारी नवी विधेयके संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केली. कायदा नवा झाला की त्याखालचे नियमही नव्याने लिहावे लागतात, आणि बोटीवर किती माणसे घ्यायची, लाइफ जॅकेट कोणते ठेवायचे, सर्वेक्षण (म्हणजे बोटीची अधिकृत तपासणी) कधी करायचे या गोष्टी कायद्याच्या कलमांत नव्हे तर नियमांत ठरतात. म्हणून पुढील काळात असे मसुदे पुन्हा पुन्हा समोर येतील.

पहिली पायरी : मसुदा कोणाचा आणि कोणत्या कायद्याखालचा, हे पाहा

मसुद्याच्या पहिल्याच परिच्छेदात 'अमुक अधिनियमाच्या कलम अमुकने प्रदान केलेल्या अधिकारांचा वापर करून' अशी सुरुवात असते. कंटाळवाणी वाटली तरी ही ओळ आधी वाचावी, कारण नियम करणाऱ्याला कायद्याने जेवढा अधिकार दिला आहे त्याच्या पलीकडचे तो काहीही लिहू शकत नाही, आणि आपणही त्याच्याकडे त्यापलीकडचे काही मागून उपयोग नसतो.

पाण्यावरचे अधिकार आपल्याकडे बरेच वाटले गेलेले आहेत. समुद्रात जाणारी जहाजे हा नौवहन महासंचालनालयाचा विषय आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील लहान बंदरे, खाड्यांमधील फेरी आणि प्रवासी बोटी यांचे काम १९९६ च्या कायद्याने स्थापन झालेले महाराष्ट्र सागरी मंडळ पाहते. मुंबई बंदरासारख्या मोठ्या बंदराच्या हद्दीत त्या बंदराचे प्राधिकरण येते. मासेमारी नौका मत्स्यव्यवसाय विभागाकडे असतात. गोव्यात बंदर कप्तान खाते आणि सरकारी फेरीबोटी चालवणारे नदी परिवहन खाते अशी दोन निराळी खाती आहेत. धरणाच्या पाण्यावर पुन्हा जलाशयाचा मालक वेगळा आणि बोटीची नोंदणी करणारा वेगळा, अशी स्थिती येऊ शकते.

हा घोळ कागदापुरता नसतो. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. अशा ठिकाणची बोट ही पर्यटकांची हौस नसते. रस्त्याने लांबचा वळसा पडतो म्हणून गावकरी पाण्यातून जातात. तेव्हा असा मसुदा हाती आल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावा की आपले पाणी त्यात आहे का. २०२१ च्या अधिनियमात नद्या, कालवे, तलाव यांच्याबरोबर केंद्र सरकार जाहीर करील तेवढे भरती-ओहोटीचे पाणीही 'अंतर्देशीय' धरले जाते. याच अधिनियमात यंत्राशिवाय चालणाऱ्या होड्यांच्या नोंदीचे काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवण्याची सोय आहे, त्यामुळे वल्ह्याच्या किंवा शिडाच्या होडीचा प्रश्न असेल तर ग्रामपंचायतीलाही या कामात ओढावे लागते.

दुसरी पायरी : मुदत मोजा, आणि ती कशी मोजतात तेही समजून घ्या

मूळ कायद्यात 'पूर्वप्रसिद्धीच्या शर्तीस अधीन राहून' नियम करावेत असे शब्द असतील, तर मसुदा आधी प्रसिद्ध करणे ही नियमकर्त्याची मेहेरबानी राहत नाही, ते त्याचे कर्तव्य ठरते. त्याची रीत सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ च्या कलम २३ मध्ये दिलेली आहे. (कायद्याचे नाव वाचून दचकू नये, कलम आखूड आणि सरळ आहे.) मसुदा प्रसिद्ध करायचा, तो कोणत्या तारखेनंतर विचारात घेतला जाईल हे सूचनेत लिहायचे, आणि त्या तारखेपूर्वी आलेल्या प्रत्येक हरकतीचा व सूचनेचा विचार करायचा, असे हे कलम सांगते. विचार करणे बंधनकारक आहे, मान्य करणे नाही. आणि तारीख उलटल्यानंतर आलेल्या पत्राचा विचार करण्याचे बंधनही उरत नाही, हे नवख्यांनी सर्वांत आधी ध्यानात घ्यावे.

केंद्र सरकारच्या मंत्रालयांसाठी २०१४ पासून विधिपूर्व विचारविनिमयाचे धोरण आहे. मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा, सोबत सोप्या भाषेत त्याचा हेतू व परिणाम सांगणारी टिप्पणी द्यावी आणि आलेल्या अभिप्रायांचा गोषवारा संकेतस्थळावर टाकावा, असे त्यात म्हटले आहे. हे धोरण आहे, कायदा नव्हे, त्यामुळे ते पाळले गेले नाही तर न्यायालयात त्याच्या आधारे फार काही मिळेल असे समजू नये. पत्रात मात्र त्याचा उल्लेख अवश्य करावा.

तीस दिवस ऐकायला पुष्कळ वाटतात. प्रत्यक्षात राजपत्र छापून येण्याची, ते संकेतस्थळावर चढण्याची आणि कुणीतरी ते आपल्याला दाखवण्याची तारीख वेगवेगळी असते, आणि मधल्या मध्ये आठ-दहा दिवस सहज निघून जातात. बोटीच्या धंद्याला याशिवाय हंगामाचे गणित असते. जून ते ऑगस्ट या काळात किनाऱ्यावरच्या बहुतेक बोटी ओढून शाकारलेल्या असतात, तेव्हा मालकाला आणि तांडेलाला चार ओळी लिहायला उसंत असते. हाच मसुदा दिवाळीच्या सुट्टीत किंवा नाताळात आला, तर सकाळच्या पहिल्या फेरीपासून रात्रीच्या शेवटच्या फेरीपर्यंत बोटीवर असलेल्या माणसाने तो कधी वाचावा? अशा वेळी मुदतवाढ मागणे रास्त आहे, पण ती मागणी मुदतीच्या पहिल्या आठवड्यातच, लेखी आणि कारण देऊन करावी. शेवटच्या दिवशी केलेली मागणी टाळाटाळीसारखी दिसते. आणि मुदतवाढीचे उत्तर येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नये, आपला अभिप्राय जुन्याच तारखेच्या हिशेबाने तयार ठेवावा.

मसुदा फक्त इंग्रजीत असेल तर मराठी प्रत मागावी. २०२० साली पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या मसुदा अधिसूचनेबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने आठव्या अनुसूचीतील भाषांत भाषांतर करण्याचा आणि मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवण्याचा आदेश दिला होता, तो दाखला अशा पत्रात देता येतो. आपले स्वतःचे निवेदन मराठीत लिहिण्यास तर काहीच अडचण नसावी : गाऱ्हाण्याच्या निवारणासाठीचे निवेदन संघाच्या किंवा राज्याच्या वापरातील कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० ने दिलेला आहे. दिल्लीला पाठवायचे असल्यास सोबत एका पानाचा इंग्रजी सारांश जोडला तर वाचणाऱ्याची सोय होते, इतकेच.

तिसरी पायरी : व्याख्या आधी वाचा, दंड शेवटी

नवखा वाचक मसुदा हाती येताच दंडाच्या रकमा आणि शुल्काचा तक्ता शोधतो. ते स्वाभाविक आहे, पण नियमाचा सगळा भार व्याख्यांवर उभा असतो. 'प्रवासी' कोण, 'कर्मचारी' कोण, 'प्रवासी जलयान' कशाला म्हणायचे, 'विद्यमान जलयान' म्हणजे कोणत्या तारखेपूर्वी बांधलेले, या चार शब्दांवर आपली बोट कोणत्या प्रकरणात मोडते ते ठरते.

आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षेच्या सोलास करारानुसार बारापेक्षा अधिक प्रवासी नेणारे ते प्रवासी जहाज. हाच बाराचा आकडा अनेक देशांच्या लहान बोटींच्या नियमांतही झिरपलेला आहे. आता विचार करा : दहा पर्यटक, दोन गाइड आणि स्वयंपाकाला एक माणूस अशी तेरा माणसे घेऊन निघालेली बोट प्रवासी बोट आहे की नाही? उत्तर गाइड आणि स्वयंपाकी यांना 'प्रवासी' म्हटले आहे की 'कर्मचारी', यावर अवलंबून राहील. एकाच शब्दाने बोटीवरचा अग्निशामक संच, सर्वेक्षणाचा प्रकार आणि सारंगाचे (बोटीच्या मुख्य चालकाचे) प्रमाणपत्र हे सगळे बदलू शकते.

कामकाजी बोटींच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच टोकदार आहे. तौक्ते चक्रीवादळात, १७ मे २०२१ रोजी, बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा बार्ज बुडाला, तेव्हा त्यावर २६१ माणसे होती. त्यातली बरीच बार्ज चालवणारी नव्हती, ती तेलक्षेत्रातल्या कामासाठी तेथे राहणारी होती. असा माणूस तिकीट काढलेला प्रवासी नसतो आणि समुद्राचे प्रशिक्षण घेतलेला खलाशीही नसतो. मोठ्या जहाजांपुरती या तिसऱ्या वर्गाची दखल आंतरराष्ट्रीय पातळीवर घेतली गेली आहे आणि औद्योगिक कर्मचाऱ्यांविषयीची वेगळी संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. लहान टग (जहाजे ओढणाऱ्या बोटी), बार्ज, पाण्याखाली काम करणाऱ्या माणसांना नेणाऱ्या बोटी यांच्या देशी मसुद्यात हा वर्ग कोठे बसवला आहे, हे पेन्सिल घेऊन शोधावे, आणि कोठेच नसेल तर तेवढीच एक हरकत लिहिली तरी ती मोलाची ठरेल.

अंतर्देशीय बोटींसाठी आणखी एक गोष्ट तपासावी, ती म्हणजे पाण्याचे क्षेत्र. लाटांच्या उंचीनुसार पाण्याचे तीन वर्ग केले जातात : २ मीटरपर्यंत, १.२ मीटरपर्यंत आणि ०.६ मीटरपर्यंत. कागदावर 'तलाव' म्हणून सर्वांत शांत वर्गात टाकलेले उजनीसारखे लांबरुंद पाणी वळवाच्या वाऱ्यात कसे उसळते, हे काठावरच्या माणसाइतके कार्यालयातल्या माणसाला ठाऊक नसते. क्षेत्र चुकीचे लावले गेले तर पुढचा प्रत्येक नियम सौम्य लागू होतो. ही चूक नकाशा पाहून उमगत नाही. वर्षानुवर्षे ते पाणी पाहिलेल्या माणसाने महिना, वाऱ्याची दिशा आणि जागा लिहून कळवली तरच उमगते.

चौथी पायरी : मसुदा घेऊन बोटीवर जा

मला विचाराल तर खरे काम याच पायरीवर होते. घरात बसून लिहिलेली हरकत मतापुरती राहते, पण टेप, वजनकाटा आणि घड्याळ घेऊन बोटीवर जाऊन आलेल्या माणसाची हरकत पुरावा ठरते. मसुदा लिहिणाऱ्यांना बोटींचे तंत्र कळते, पण आपला धक्का, आपली भरती आणि आपली गर्दी त्यांनी पाहिलेली असतेच असे नाही.

प्रवासी क्षमतेपासून सुरुवात करा. प्रवासी जहाजांच्या स्थैर्याच्या आंतरराष्ट्रीय संहितेत दर प्रवाशामागे ७५ किलो वजन धरले जाते, दाटीची कल्पना करताना एका चौरस मीटरमध्ये चार माणसे उभी आहेत असे मानले जाते, आणि सगळे प्रवासी एका बाजूला सरकले तरी जहाज दहा अंशांपेक्षा अधिक कलू नये अशी अट असते. आपल्या मसुद्यात हे आकडे कोणते आहेत ते पाहा. प्रवाशामागे ७५ ऐवजी ६० किलो धरले, तर ८० प्रवाशांच्या बोटीवर कागदावरून १,२०० किलो वजन नाहीसे होते. पाण्याला मात्र ते लागतेच. त्यात सामानाचा हिशेब आहे का? धक्क्यावरून माशांच्या पाट्या घेऊन चढणाऱ्या बाया, बाजाराची पोती, लग्नाच्या हंगामातल्या पेट्या यांचे वजन माणसाच्या ७५ किलोंत मावत नाही. चार फेऱ्यांना प्रत्यक्ष सामान मोजून तो तक्ता जोडला, तर वाचणाऱ्या अधिकाऱ्याला तो बाजूला सारणे जड जाते.

एका बाजूला सरकण्याची अट पुस्तकी वाटत असेल तर दोन घटना आठवाव्यात. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. लाटेने बोट कलली, घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले आणि बोट सावरली नाही, असे त्या अपघाताबद्दल सांगितले जाते. त्यानंतर बासष्ट वर्षांनी, ३० सप्टेंबर २००९ रोजी, केरळात थेक्कडीच्या जलाशयात पर्यटक बोट उलटून ४५ जणांचा मृत्यू झाला. तेथेही काठावरचे प्राणी पाहायला प्रवासी एका बाजूला गेल्याचे पुढे आले. वरच्या मजल्यावर किती माणसे जाऊ द्यायची आणि ती कोण थांबवणार, हा प्रश्न म्हणूनच प्रत्येक दुमजली बोटीच्या मसुद्यात शोधावा.

त्यानंतर मोजणी. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या नीलकमल या बोटीवर नौदलाची, इंजिनाची चाचणी चालू असलेली वेगवान नौका आदळली आणि मृतांचा आकडा पंधरावर गेला. ती टक्कर गर्दीमुळे झाली नाही, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. पण त्या बोटीचा परवाना ८४ प्रवासी आणि ६ कर्मचाऱ्यांचा होता आणि तीवर शंभराहून अधिक माणसे होती, हेही त्यानंतर समोर आले. क्षमतेचा आकडा परवान्यावर लिहिलेला असणे आणि धक्क्यावर कुणीतरी माणसे मोजून चढवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मसुद्यात पहिलीसाठी पाच नियम आणि दुसरीसाठी एकही नसेल, तर तेथे हरकत घ्यावी : मोजणी कोणी करायची, बोटीवरच्या माणसाने की धक्क्यावरच्या, आकडा कोठे लिहून ठेवायचा, आणि बोट बुडाली तर तो आकडा किनाऱ्यावर उपलब्ध असेल का. हा शेवटचा मुद्दा अनेकदा सुटतो. यादी बोटीबरोबरच पाण्यात गेली तर शोध घेणाऱ्यांना किती माणसे शोधायची हेच कळत नाही.

लाइफ जॅकेटबाबत तर स्वतः घड्याळ लावून पाहावे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार जॅकेट असे हवे की ते कधीही न पाहिलेल्या माणसांपैकी किमान ७५ टक्के जणांना ते मदतीशिवाय एका मिनिटात नीट घालता यावे. मोठ्या प्रवासी जहाजांवर प्रवाशांच्या संख्येच्या किमान दहा टक्के इतकी मुलांची जॅकेटे लागतात, आणि 'मूल' म्हणजे १५ ते ४३ किलोंच्या दरम्यानचे, असे वजनावरून ठरवलेले असते. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली आणि बारा विद्यार्थी व दोन शिक्षिका बुडाल्या. शाळेच्या सहलींचा मोसम आणि मोठ्यांच्याच मापाची जॅकेटे, ही जोडी आपल्याकडच्या किल्ल्यांच्या बोटींवरही तपासून पाहण्यासारखी आहे. जॅकेटे आहेत कोठे, हेही पाहा. बाकाखाली कुलपात, दोरीने आवळून बांधलेल्या गठ्ठ्यात, की अंगावर? आपण सांगितल्यापासून दहा प्रवाशांच्या अंगावर ती चढेपर्यंत किती मिनिटे लागली, ते लिहून घ्या. प्रवाशांना उगाच घाबरवू नये म्हणून हे बोट धक्क्याला बांधलेली असताना, तांडेलाला विचारून करावे.

शेवटी चढउतार. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांत चार मीटरहून अधिक फरक पडू शकतो. सकाळी धक्क्याच्या पायरीला लागलेली बोट दुपारी शेवाळलेल्या खालच्या पायऱ्यांशी असते, आणि म्हातारी माणसे दोघांच्या हातांवर तोलून उतरवली जातात. मसुद्यातले नियम बहुधा बोटीच्या कठड्यापाशी येऊन थांबतात. ओहोटीच्या वेळेचे एक छायाचित्र, तारीख आणि वेळ टाकून जोडले, तर बोटीबरोबर धक्क्याचाही विचार व्हावा हे वेगळे सांगावे लागत नाही.

पाचवी पायरी : हरकत लिहिताना

एका कागदावर एकच मुद्दा लिहावा, निदान प्रत्येक मुद्दा नव्या क्रमांकाने सुरू करावा. मसुद्याचा नियम क्रमांक, त्यातले आक्षेप असलेले शब्द जसेच्या तसे, त्यामुळे प्रत्यक्षात काय होईल, आणि त्याऐवजी कोणते शब्द हवेत, असा क्रम ठेवला की वाचणाऱ्याला ते थेट आपल्या तक्त्यात चढवता येते. बदली शब्द देणे हा यातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी पाळला जाणारा भाग आहे. समजा, मसुद्यात 'प्रवासी जलयानावर पुरेशी लाइफ जॅकेटे सहज उपलब्ध असतील अशी ठेवावीत' असे वाक्य आहे. त्यावरची हरकत साधारण अशी लिहिता येईल :

'नियम क्रमांक अमुक. "पुरेशी" आणि "सहज उपलब्ध" हे शब्द मोजता येत नाहीत, त्यामुळे निरीक्षकाला उल्लंघन ठरवता येणार नाही आणि प्रामाणिक मालकालाही आपण नियम पाळला की नाही हे कळणार नाही. मी ज्या मार्गावर प्रवास करतो तेथे जॅकेटे बाकाखाली गठ्ठ्यात बांधलेली असतात. दहा प्रवाशांनी ती घालण्यास सात मिनिटे लागली (तारीख, वेळ व छायाचित्र सोबत जोडले आहे). त्याऐवजी पुढील शब्द घालावेत : "जलयानावरील प्रत्येक व्यक्तीमागे एक, आणि प्रत्यक्ष चढलेल्या प्रत्येक मुलामागे त्याच्या वजनास योग्य असे एक लाइफ जॅकेट, कुलूप किंवा बांधणी न उघडता हाती येईल अशा ठिकाणी ठेवावे, आणि बोट धक्का सोडण्यापूर्वी ते कसे घालावे हे प्रवाशांच्या भाषेत करून दाखवावे."'

हा केवळ नमुना आहे. त्यातली मिनिटे आणि जागा आपली असावीत, उसनी नसावीत.

मालकांसाठी आणि तांडेलांसाठी वेगळे एक सांगावेसे वाटते : सूट मागू नका, पर्याय मागा. 'आमच्या बोटींना हा नियम लावू नये' असे लिहिलेले पत्र, त्यामागची अडचण कितीही खरी असली, तरी सुरक्षेला विरोध म्हणून बाजूला पडते. उदाहरणार्थ, बाहेर बसवलेल्या इंजिनाच्या नऊ मीटरच्या उघड्या लाकडी होडीवर इंजिनखोलीसाठी कायम बसवलेली अग्निशमन यंत्रणा सक्तीची केली असेल, तर मुळात तेथे इंजिनखोलीच नाही, हे सांगून पुढे लिहावे की त्याऐवजी किती हाताळण्याजोगी अग्निशामक नळकांडी, कोणत्या प्रकारची, कोठे आणि इंधनाच्या टाकीपासून किती अंतरावर ठेवली तर तेवढीच सुरक्षितता मिळेल. नियमकर्त्याला 'समतुल्य व्यवस्था' स्वीकारता येते, पण ती त्याला सुचवावी लागते.

जुन्या बोटींना नवे नियम कधीपासून लागू होणार, हे कलम मसुद्याच्या अगदी शेवटी असते आणि ते मालकांच्या खिशाला सर्वाधिक लागते. '१ जानेवारीपासून' अशी तारीख असेल तर ती भर हंगामात येते. बोट वर काढल्याशिवाय न होणारे बदल त्या तारखेपर्यंत होणार नाहीत, आणि मग एक तर धंदा थांबतो किंवा नियम कागदावर राहतो. त्याऐवजी 'पुढील पावसाळी डागडुजीनंतरच्या पहिल्या सर्वेक्षणापासून' असे शब्द सुचवले तर ते मान्य करण्यात कुणाचेच नुकसान नाही. जे बदल बोट पाण्यात असतानाही करता येतात, म्हणजे जॅकेटे, मोजणी, सूचनाफलक, त्यांना मात्र मुदत मागू नये. मुदत मागितली की बाकीच्या रास्त मागणीचेही वजन कमी होते.

संघटनेने छापून दिलेल्या एकसारख्या पत्रावर शंभर सह्या करून पाठवण्याची पद्धत आपल्याकडे आहे. त्याचा राजकीय उपयोग असेलही, पण मसुदा तपासणाऱ्याच्या टेबलावर ती शंभर पत्रे एकाच ओळीत नोंदवली जातात. त्यापेक्षा पाच जणांनी आपापल्या बोटीची पाच निरनिराळी पत्रे पाठवणे बरे. आणि प्रवाशांनी, विशेषतः रोजच्या प्रवाशांनी, हे काम बोटमालकांवर सोडू नये. मालक, अभियंते, बंदर अधिकारी हे आपली बाजू मांडतातच. तिकीट काढून बसणाऱ्याची बाजू त्याच्यावाचून दुसरे कुणी मांडत नाही, आणि हरकतींच्या फायलीत बहुतेक वेळा तीच कमी असते.

सहावी पायरी : पाठवणे आणि पोच

सूचनेत दिलेल्या ई-मेलवर पाठवून तेवढ्यावर थांबू नये. छापील प्रत पोच देणाऱ्या टपालाने पाठवावी किंवा कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. ई-मेलच्या विषयात मसुद्याचे नाव आणि अधिसूचनेचा क्रमांक लिहावा, नाहीतर पत्र चुकीच्या फायलीत जाते. जोडलेल्या छायाचित्रांत प्रवाशांचे चेहरे ओळखू येत असतील तर ते झाकावेत, आणि तांडेलाने खासगीत सांगितलेली माहिती त्याच्या नावाशिवाय लिहावी, कारण बोटीवरची त्याची नोकरी आपल्या पत्रापेक्षा नाजूक असते. सुनावणी ठेवली असेल तर तेथे बोलण्यासाठी आधी नाव नोंदवावे आणि लिहून दिलेलेच मुद्दे बोलावेत. तोंडी नवे काही सुचले तर त्याच दिवशी पुरवणी म्हणून लेखी द्यावे.

सातवी पायरी : अंतिम राजपत्र हाती आल्यावर

अंतिम नियम प्रसिद्ध झाले की मसुदा आणि अंतिम प्रत शेजारी ठेवून, आपण हरकत घेतलेल्या प्रत्येक नियमातला शब्द न शब्द ताडून पाहावा. बदल झाला नसेल तर का झाला नाही, हे विचारता येते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणे ठरवताना संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कामच आहे. ते झाले नसेल तर दहा रुपयांचे शुल्क भरून साधा अर्ज करावा आणि त्यात तीन गोष्टी मागाव्यात : एकूण किती हरकती आल्या, त्यांचा तक्ता, आणि प्रत्येक हरकतीवर नोंदवलेला निर्णय. 'माझ्या पत्राचे काय झाले' असे विचारण्यापेक्षा 'अमुक नियमावरील हरकतींच्या छाननीची टिपणी द्यावी' असे विचारले की उत्तर चुकवणे अवघड जाते. उत्तरासाठी सर्वसाधारणपणे तीस दिवस असतात आणि न मिळाल्यास त्याच कार्यालयातील अपिलीय अधिकाऱ्याकडे जाता येते.

केंद्राचे नियम प्रसिद्ध झाल्यानंतर संसदेच्या दोन्ही सभागृहांसमोर एकूण तीस दिवसांसाठी ठेवले जातात आणि राज्याचे नियम विधिमंडळासमोर ठेवण्याची तरतूद संबंधित कायद्यात असते. त्या काळात आपल्या भागातील खासदाराला किंवा आमदाराला छाननीच्या तक्त्यासह एक पानाचे पत्र देता येते, आणि त्यात पुन्हा तेच चार भाग असावेत : नियमाचा क्रमांक, त्यातले शब्द, बोटीवर मोजलेली वस्तुस्थिती आणि हवे असलेले बदली शब्द.